क्लीनर साइड

माझे बाबा शहापूर–मुरबाड रस्त्याला सायलेन्सरचं काम करतात. पत्र्याच्या शेडवर पाटी आहे: ‘सर्व प्रकारचे सायलेन्सर दुरूस्त करून मिळतील.’ ती मी सातवीत असताना रंगवली. त्यातला ‘रु’ दीर्घ झाला, तो तसाच राहिला. पण पाटीवरची मोठी चूक ती नव्हतीच. ‘सर्व प्रकारचे’ हे खरं नव्हतं. सायलेन्सर यायचे ते तीनच प्रकारचे: टेम्पोचे, मुरबाडहून कल्याणला भरून जाणाऱ्या जीपचे आणि ट्रॅक्टरचे. सगळे गंजलेले, चिखलाने लिंपलेले, कुठेतरी भोक पडलेले. बाबा ते कापत, ठिगळ लावत आणि पुन्हा चढवत. इतक्या वर्षांत एकही नवाकोरा पाइप त्यांच्या हातात आला नव्हता.

चौथाही एक प्रकार यायचा, पण तो बाबा परत पाठवत. मोटरसायकलचा सायलेन्सर फाडून फटाक्यासारखा आवाज काढून द्या म्हणणारी पोरं. बाबा त्यांना सांगत, “सायलेन्सर गप बसवायला असतो रे. बोंबलायला लावायचा आसंल तं दुसरीकडं जा.”

बाबा चौथी शिकलेले. भात झोडून झालं की त्यांचे आईबाप वीटभट्टीवर जात. दरवर्षी शाळा अर्ध्यावर सुटायची, आणि एका वर्षी ती सुटली ती सुटलीच. मग ते ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. ट्रकवर ते जे शिकले ते कधीच विसरले नाहीत. त्यातलं एक म्हणजे डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नाहीत. त्यांच्यासाठी जगाला दोनच बाजू आहेत, ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. घरात पंखा हलवायचा असला तरी “जरा क्लीनर साइडला घे.” एकदा सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठला गुडघा दुखतो? बाबा म्हणाले, “क्लीनर साइडचा.” डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने डावा गुडघा दाखवला.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर, तीही मेकॅनिकलची. आश्रमशाळेतल्या बाईंनी फॉर्म भरून दिले, बाबांनी शेडचा गल्ला रिकामा केला, आणि मी इंजिनिअर झाले. आता वाशिंदच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात आहे. माझं पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी प्लॅस्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय. तेलाचा हात लागू नये म्हणून ते स्वतः त्याला कधी शिवत नाहीत. आईला सांगतात, “काढून दाखव जरा.”

दोन वर्षांपूर्वी, भातकापणी सुरू व्हायच्या जरा आधी, शेडसमोर एक गाडी येऊन थांबली. दोनच माणसांची, उघडी, लांब नाकाची, गडद हिरवी. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. चालवणारे गृहस्थ सत्तरीचे. आयुष्यभर जहाजांवर इंजिनाचं काम करून आता सरळगावच्या बाजूला आमराई करून राहिलेले. ट्रॅक्टरचा सायलेन्सर घेऊन ते आधीही आले होते, त्यामुळे बाबांना ओळखत होते.

“मिस्त्री, हिचं एक काम आहे,” ते म्हणाले. “तरुणपणी घेतली तेव्हा हिचा सायलेन्सर पोटाखाली नव्हता, अंगाबाहेर होता. दाराच्या खाली, बाजूने. पुढे तो गंजून गेला आणि मिळेल तो लावला. आता परदेशात एक कंपनी तसाच बनवून देते. इंजिनाजवळचे चार पाइप आणि बाजूचा लांब पाइप, सगळा जोड. तुम्ही बसवाल?”

बाबांनी आधी विचारलं, “आवाज किती येल, सायेब?”

“आत सायलेन्सर आहे. गुरगुरेल. ओरडणार नाही.”

“आन् दाराखाली गरम पाइप. उतरताना पाय भाजंल.”

“त्यावर भोकाभोकांचं झाकण येतं. तरी पाय जपूनच टाकावा लागेल. जमेल का, तेवढं सांगा. नाहीतर गाडी ट्रकवर चढवून मुंबईला न्यावी लागेल.”

बाबा गाडीखाली गेले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. बाहेर आले ते हसत. “जमंल. माझी पोरगी हाय ना इंजिनिअर. ती बघंल कागदाचं, मी बघीन लोखंडाचं.”

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर, गिऱ्हाइकाला, पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी शिकत होते तेव्हा शेडवर यायला ते मनाई करायचे, हात काळे होतील म्हणून. आता माझ्या शिक्षणाच्या भरवशावर त्यांनी काम घेतलं होतं. त्या दिवशी मला पगार झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

कंपनीचा दोन पानांचा फॉर्म ई-मेलवर आला. काकांचं, म्हणजे त्या गृहस्थांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ते म्हणाले, “इंजिनिअर बाई, तुम्हीच भरा.” मी मोबाइल घेऊन स्टुलावर बसले. बाबा गाडीखालून मापं सांगत होते, मी इंग्रजीत उतरवत होते. शेवटी प्रश्न आला, बाजूचा पाइप कुठल्या अंगाला हवा. दोन चौकोन होते. एकावर ड्रायव्हर साइड, दुसऱ्यावर पॅसेंजर साइड.

“बाबा, पाइप कुठल्या साइडला?”

“क्लीनर साइड!” गाडीखालून आवाज आला. “इंजिनाची धूर सोडायची भोकं पण क्लीनर साइडलाच हायत.”

क्लीनरला इंग्रजीत काय म्हणत असतील, हा विचार मी क्षणभर केला. दोन माणसांच्या गाडीला क्लीनर कुठला असणार? म्हणजे पॅसेंजर. मी पॅसेंजरच्या चौकोनात खूण केली. बाबांची भाषा मी नीट इंग्रजीत नेली, याचं माझं मलाच कौतुक वाटलं. फॉर्म पाठवून दिला.

खोकं यायला दोन महिने लागले. मी कामावर होते तेव्हाच ते आलं. आई सांगते, बाबांनी आधी हात साबणाने धुतले, मगच पट्टी कापली. आत चकचकीत चार पाइप होते. एका जाड पट्टीतून चारही निघतात, खाली वळतात आणि एकात मिळतात. बाबांनी बघताबघता त्याला नाव दिलं, ‘पंजा’. चार बोटं, आणि जिथे एक होतात ते ‘मनगट’. रात्री जेवताना स्वतःचा हात ताटावर धरून ते मला दाखवत होते. “अशी चार बोटं, गो बाय. आन् एका बोटाचं माप दुसऱ्यापरीस केसभर कमी-जास्त नाय. बनवणारा मानूस लय भारी.”

“पोरांच्या मोटरसायकलींना नाय म्हणता, आन् म्हाताऱ्याला हो म्हटलंत,” आई म्हणाली.

“तो म्हातारा इचारून बोलतो. पोरं गाडी चालू ठेवूनच बोलतात.”

त्यानंतर दोन दिवस बाबा गप्प होते. मी विचारलं तर म्हणत, “बसंल, बसंल.” शनिवारी मला अर्धा दिवस. दुपारी शहापूरला उतरून मी घरी न जाता सरळ शेडवर गेले. गाडी लोखंडी घोडीवर चढवलेली. पंजा इंजिनावर बसलेला, चारही बोटं चोख, एकही नट तिरका नाही. पण मनगट इंजिनाच्या पोटाखालून पलीकडे, ड्रायव्हरच्या पायांकडे वळलं होतं. तिथून त्याला जायला वाटच नव्हती. स्टिअरिंगचा दांडा मध्ये येत होता, आणि ब्रेकच्या बारीक पाइपला तर तो टेकतच होता.

बाबा त्याच ब्रेकच्या पाइपच्या नटाला पाना लावून बसले होते.

“बाबा, हे काय करताय?”

“ह्यो पाइप जरा वर सरकवतो. नायतर ह्येला जागा नाय.”

“ब्रेकचा पाइप? तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारून?”

त्यांनी पाना खाली ठेवला नाही. “मला पण पटत नाय गो. दोन दिस झाले. पण कंपनीनं बनवलाय म्हंजे काय तरी इचार करूनच आसंल. परदेशातली वस्तू. आन् फॉर्म तू भरलास. चुकतंय ते माझ्याच डोक्यात. मी आपला चौथी.”

हे मी आजही विसरलेले नाही. त्यांचा हात सांगत होता की हे चूक आहे. इतक्या वर्षांचा हात तो. तरी छापील कागद आणि माझी पदवी, या दोन्हींपुढे त्यांनी स्वतःच्या हाताला खोटं ठरवलं होतं.

“खोक्यात काही कागद होता का?”

“हाय ना. इंग्लिश होता, तुझं काम ते. देव्हाऱ्यावर ठेवलाय, तेल लागू नये म्हनून.”

मी घरी धावत गेले. कागद माझ्या प्रमाणपत्राच्या शेजारी, नीट घडी घालून ठेवलेला. उघडला आणि पाहिलं, तर त्यात अक्षरं थोडीच होती. मोठं चित्र होतं, गाडी वरून पाहिल्यासारखी. आणि चित्रातलं स्टिअरिंग डावीकडे होतं.

त्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो. म्हणजे त्यांचा पॅसेंजर उजवीकडे. आमचा क्लीनर डावीकडे. मी डावी बाजू सांगायला निघाले आणि उजवी मागवून बसले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात असताना असल्या गाड्यांची चित्रं हजारदा पाहिली होती. पण ‘ड्रायव्हर साइड’ हा शब्द मी बाबांच्या तोंडून शिकले होते, आणि तो शब्द दुसरीकडे कुठे उलटा होऊ शकतो हे मनातच आलं नाही. बाबांनी तो कागद नुसता एकदा उघडला असता तर त्यांना एका नजरेत कळलं असतं. माझा मान राखायचा म्हणून त्यांनी तो उघडला नव्हता.

मी तशीच धावत परत गेले. पाना अजून नटावर होता.

“बाबा, नट सोडा. तुमचं नाही चुकलं. माझं चुकलंय.”

मी चित्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात पुसले, तरी कागद हातात घेतला नाही, मान वाकडी करून पाहिला. मग विचारलं, “ह्येंचा ड्रायव्हर क्लीनरच्या जागी बसतो?”

“हो.”

“आन् क्लीनर?”

“ड्रायव्हरच्या जागी.”

मला वाटलं आता रागावतील. पण त्यांनी मोठा श्वास सोडला आणि जमिनीवर बैठक मारली. “म्हंजे माझं बरोबर होतं,” ते म्हणाले. “दोन दिस मला वाटत होतं, म्हातारपन आलं. कामातलं कळायचं बंद झालं.”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

मग ते म्हणाले, “सायेबाला सांगू, कंपनीनं उलटा पाठवला.”

“कंपनीने मी सांगितलं तेच पाठवलंय.”

“मंग माझ्या नावावर घाल. मी सांगितलं ते चुकीचं सांगितलं म्हनू. मिस्त्री चुकला तं चालतं गो. लोक म्हनतात, अडाणी हाय, चुकला. शिकलेला चुकला तं लोक म्हनतात, शिकून काय उपेग झाला?” जरा थांबून म्हणाले, “पाड्यात आता धा पोरी शाळंत हायत. तुझं बघून.”

त्यांना काय वाचवायचं होतं ते मला कळलं. पण त्यासाठी त्यांनी स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं, तेही जिथे बरोबर तेच होते, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच काकांना फोन लावला.

काका तासाभरात आले, आमराईतल्या माणसाच्या मागे मोटरसायकलवर बसून. मी सगळं सांगितलं. फॉर्म दाखवला, चित्र दाखवलं, आणि म्हटलं, “बाबांनी क्लीनर साइड सांगितली होती. ती बरोबर होती. इंग्रजी मी केलं.”

काकांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. मग हसायला लागले. “म्हणून जहाजावर असं बोलू देत नाहीत. तिथे दोन्ही बाजूंना स्वतःची नावं असतात. माणूस कुठे का बसेना, कुठे का तोंड करेना, बाजू बदलत नाही. आणि तरीही मी एकदा चुकीच्या बाजूचा पंप उघडून ठेवला होता. चाळीस वर्षं झाली, अजून कोणाला सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगितलं.”

मग ते बाबांकडे वळले. “मिस्त्री, परत पाठवायचं का?”

बाबा उभे राहिले. आपला डावा हात त्यांनी पुढे धरला, तळवा खाली. “आता अंगठा इकडं, ड्रायव्हर साइडला. बरोबर? आता बघा.” त्यांनी हात उलटा केला, तळवा वर. अंगठा क्लीनर साइडला गेला. “मनगटात कापायचं, फिरवायचं, परत जोडायचं. बाजूचा लांब पाइप पन असाच उलटा करायचा. फकस्त त्याचे पकडायचे कान खालचे वर येतील, ते कापून दुसरीकडं लावीन. पन सायेब, वस्तू नवी हाय. एकदा कापली तं कापली. तुमी हो म्हना, मगच.”

“तुमच्या हाताला पटतंय?”

“हाताला तं पहिल्या दिसापासून पटतंय.”

“मग कापा,” काका म्हणाले.

रविवारी सकाळपासून आम्ही दोघांनी काम केलं. त्यांनी मला पहिल्यांदा सगळा दिवस शेडवर राहू दिलं. मी घरून कागदावर कोन काढून आणला होता. बाबांनी तो आदराने पाहिला आणि बाजूला ठेवला. जाड तार घेऊन ती गाडीखाली वाकवली. मनगटापासून निघून, पुढच्या चाकामागून बाहेर, दाराखाली. तार बाहेर काढून माझ्या कागदावर ठेवली तर माझा कोन बोटभर चुकलेला. “कागद सपाट आसतो ना,” त्यांनी माझी समजूत काढली. पण कापायची रेघ त्यांनी मलाच मारायला लावली. “तुझा हात सरळ हाय,” म्हणाले. नव्या पाइपवर कटर टेकवताना ते थबकले. इतकी वर्षं गंजलेलं कापलेला माणूस. मग एकदम ठिणग्या उडाल्या आणि मनगट सुटलं.

जोड थंड झाल्यावर त्यांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. ही त्यांची जुनी रीत. प्रत्येक जोडावर बोटाने चुन्याची रेघ ओढायची, वाळू द्यायची आणि इंजिन चालू करायचं. जिथून धूर सुटतो तिथे पांढऱ्यावर काळा डाग येतो. आमच्या कारखान्यात यासाठी यंत्र आहे. मी ते रोज वापरते, आणि ते चुन्यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही.

काका आले आणि किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली, मग गुरगुरली. शेडचा पत्रा थरथरला. समोरच्या टपरीवरचे लोक उठून आले. त्यात मोटरसायकलवाली पोरंही होती. “काय ओ मिस्त्री, आता आमचा पण लावा!” एकाने टोमणा मारला. बाबा ओणवे होऊन चुन्याकडे बघत होते, त्यांनी मान वर केली नाही. “हा गुरगुरतो. तुमचा भुंकतो.”

मनगटाचा जोड पांढरा राहिला. लांब पाइपचा पुढचा सांधाही पांढरा. इंजिनापाशी, तिसऱ्या बोटाच्या मुळाशी मात्र बोटाच्या पेराएवढा काळा डाग आला. बाबांनी नट आवळून पाहिला, पुन्हा चुना लावला, पुन्हा तिथेच डाग.

“इंजिन आन् पंज्याच्या मधलं पॅकिंग बारीक चिरलंय,” ते म्हणाले. “दोनदा काढलं-घातलं ना. गाडी चालंल, पन पॅकिंग नवं लागंल. त्यांच्याकडचंच.”

काकांनी गाडी बंद केली नाही. “मिस्त्री, बसा. एक चक्कर मारू.”

बाबांनी पायजम्याचा मागचा भाग पाहिला, फडकं मागितलं, ते सीटवर पसरलं, आणि गरम पाइपवरून पाय उंच टाकत दुसऱ्या सीटवर बसले. क्लीनर साइडला. इतक्या वर्षांनी त्या बाजूला बसायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. जीपमध्ये ते नेहमी मागे बसतात. पाइप त्यांच्या कोपराखालीच गुरगुरत होता. गाडी रस्त्यावर निघाली, किन्हवलीकडून एक टेम्पो येत होता. बाबांनी मान वळवून मागचं पाहिलं आणि दाराच्या बाहेरून तळहाताने दोन थापा मारल्या. ‘जाऊ द्या’ असं क्लीनर ड्रायव्हरला सांगतो तशा. काकांनी गाडी पुढे काढली.

परत आले तेव्हा दोघांचे केस उडालेले. काका उतरले, मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. “त्या पॅकिंगसाठी कंपनीचा पुन्हा तोच फॉर्म आहे, इंजिनिअर बाई.”

मी हात पुढे केला नाही. म्हटलं, “काका, या वेळी तुम्हीच...”

“भर गो,” बाबा सीटवरचं फडकं घडी करत म्हणाले. “तूच भर. फकस्त आधी त्यांना इचारून घे, तुमचा क्लीनर कुठं बसतो.”